मोत्या आणि करडू : खेळ की शिकार?

प्रश्न : आमच्या मळ्यात सहा महिन्यांचा गावठी कुत्रा आहे, मोत्या. महिन्यापूर्वी शेळी व्यायली. तिचं एक करडू आणि मोत्या दिवसभर अंगणात एकमेकांमागे धावतात. मोत्या त्याची मान तोंडात धरतो, पण चावत नाही. सासूबाई म्हणतात, एक दिवस घात होईल, कुत्रा बांधून ठेव. हा खेळ आहे की शिकारीची सवय लागतेय? आणि त्यांना एकमेकांचं कळतं तरी कसं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, सासूबाईंची भीती मी उडवून लावणार नाही. कुत्र्यांनी फाडलेल्या कितीतरी शेळ्यांना मी दवाखान्यात टाके घातले आहेत. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हा खेळच वाटतो. खात्री मात्र तुम्हालाच अंगणात बसून करावी लागेल.

मान धरल्यावर मोत्या पुढे काय करतो ते बघा. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतो, ढुंगण वर ठेवतो आणि शेपूट हलवतो का? कुत्र्याचं हे खेळाचं आमंत्रण. मार्क बेकॉफ या अमेरिकन अभ्यासकाने कुत्री, लांडगे आणि कायोटी (लांडग्याचाच अमेरिकेतला लहान भाऊबंद) यांच्या पिल्लांचा खेळ बारकाईने पाहून १९९५ साली मांडलं, की ही वाकण्याची क्रिया फक्त खेळ सुरू करताना होत नाही. चावून डोकं झटकण्यासारखी, गैरसमज होईल अशी हालचाल करायच्या आधी किंवा नंतर लगेच ती दिसते. म्हणजे समोरच्याला सांगणं, की आता जे केलं ते खेळातलं होतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण खरा चावा आणि खेळातला चावा दिसायला जवळपास सारखेच असतात.

दुसरी खूण पाठलागाची. मोत्या मोठा आणि चपळ असूनही मधेच पळायला लागतो, करडाला मागे येऊ देतो, स्वतःहून लोळण घेतो, तर काळजी नको. पण अंग ताठ, नजर खिळलेली, तोंड मिटलेलं, दबकत पुढे सरकणं आणि करडू ओरडलं तरी न थांबणं, असं दिसलं तर ती शिकार. त्या क्षणी कुत्रा बाजूला घ्यायचा.

शंका आली तर मोत्याला पट्ट्याला धरून थोडा वेळ थांबवा. करडू आईकडे पळालं तर त्याला पुरे झालंय. परत येऊन धडक द्यायला लागलं तर त्यालाही खेळायचंय. मागच्या पायांवर उभं राहून डोक्याने ढुशी देणं, जागच्या जागी आडव्या उड्या मारणं, ही करडांची आपसातली खेळायची रीत. तीच ते मोत्यावर वापरतंय.

आता कळतं कसं? लहानपणी एकत्र राहून. तेल अवीव विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी एकाच घरात राहणारी कुत्री-मांजरं पाहिली. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत घरात आला असेल, तर दोघांचं चांगलं जमतं, असं त्यांना आढळलं. हलणारी शेपूट कुत्र्यात बहुतेकदा खुशीची आणि मांजरात वैतागाची. तरीही बरीचशी जनावरं दुसऱ्याच्या खुणा बरोबर ओळखत होती. धनगरांच्या वाड्यावर कोकरांमध्ये वाढलेलं पिल्लू पाहिलंत तर हेच दिसेल. तुमचा मोत्या अजून कोवळ्या वयात आहे, ही जमेची बाजू.

त्याला बांधून ठेवू नका. पण दोघांना राखण नसताना एकत्र सोडूही नका, आणि रात्री करडू खुराड्यातच हवं. गावातली दुसरी कुत्री अंगणात शिरली तर खेळ लगेच थांबवा. टोळीत एरवीचा गरीब कुत्राही मागे लागतो, आणि मी शिवलेल्या बहुतेक जखमा अशाच होत्या. मोत्याला रेबीजची लस दिली नसेल तर याच आठवड्यात द्या. खेळता खेळता करडाला दात लागून रक्त आलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. करडाला शिंगं फुटली की मोत्याचे डोळेही जपावे लागतील.