क्लास १५० आणि १५३ जोडल्यावर मधला डबा का घसरतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन डब्यांचा क्लास १५० आणि एका डब्याचा क्लास १५३, म्हणजे ब्रिटिश डिझेल गाड्यांची ओओ प्रमाणातली (मूळच्या ७६ पट लहान) मॉडेले, एकमेकांना जोडून आपण तीन डब्यांची गाडी केली. सुटे चालवले तर दोन्ही संच उत्तम धावतात, जोडल्यावर मात्र गाडी झटके देते आणि क्रॉसओव्हरवर, म्हणजे एका मार्गावरून शेजारच्या मार्गावर नेणाऱ्या रुळांवर, मधला डबा हमखास रुळावरून उतरतो. पुढे याच गाडीला जुना क्लास १०१ जोडता येईल का, असेही आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. क्लास १०१ हा १९५० च्या दशकातला संच. त्याला बफर, स्क्रू कपलिंग (डबे जोडणारा, हाताने आवळायचा आकडा) आणि व्हॅक्यूम ब्रेक. क्लास १५० व १५३ यांना बीएसआय जातीचे स्वयंचलित कपलिंग आणि हवेचे ब्रेक. त्यामुळे प्रत्यक्षात हे दोघे एका चालकाच्या हाताखाली कधीच धावू शकत नव्हते. १०१ घ्यायचाच असेल तर त्याची जोडी १०५ किंवा १०८ शी जमवा. त्या पिढीतल्या ज्या डब्यांच्या तोंडावर निळा चौकोन रंगवलेला असे, ते आपसांत बिनदिक्कत जोडले जात. एकाच गाडीत तीन कारखान्यांचे डबे आणि खिडक्यांच्या तीन वेगवेगळ्या रेषा, असे दृश्य तेव्हा दुर्मिळ नव्हते, आणि ज्याला मिश्र गाड्यांची खरी आवड आहे त्याने त्या काळाकडे वळावे असे माझे मत आहे.

आपण निवडलेली जोडी मात्र अगदी अस्सल आहे. क्लास १५३ मुळात स्वतंत्र गाडी नव्हतीच. १९८७–८८ मध्ये बांधलेल्या दोन डब्यांच्या क्लास १५५ पैकी ३५ संच १९९१–९२ मध्ये मधोमध सोडवून त्यांचे ७० एकेरी डबे केले गेले. ज्या टोकाला आधी केबिन नव्हती तिथे नवी केबिन कोंबावी लागली, म्हणून ती दुसरीपेक्षा आखूड आहे. आपल्या मॉडेलची दोन्ही तोंडे बाजूने पाहिलीत तर दाराची जागा वेगळी दिसेल. अशा डब्याचा उपयोग एकतर आडबाजूच्या मार्गावर एकट्याने धावण्याचा, नाहीतर गर्दीच्या गाडीला शेपूट म्हणून लागण्याचा. तोंडाला जाण्यायेण्याची वाट असलेला १५०/२ प्रकार असेल तर प्रवासी १५३ मधून सरळ पुढच्या संचात चालत जाऊ शकतो. १५०/१ ला ती वाट नाही. आपला संच यांपैकी कोणता, हे एकदा तोंड पाहून ठरवा.

आता मुख्य गोष्ट. प्रत्यक्ष गाडीत या तिन्ही डब्यांखाली प्रत्येकी २८५ अश्वशक्तीचे स्वतःचे कमिन्स इंजिन आहे आणि दोन्ही वर्गांचा कमाल वेग ताशी ७५ मैल, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर आहे. प्रत्येक डबा आपला भार आपणच वाहतो, आणि एका हँडलचा हुकूम तारेतून तिघांपर्यंत एकाच क्षणी पोचतो. मॉडेलमध्ये यातले काहीच खरे नसते. तिथे १५० च्या दोनपैकी एकाच डब्यात मोटर असते, दुसरा डबा नुसता ओढला जातो, आणि १५३ ची मोटर वेगळ्या कारखान्यातली, वेगळ्या गिअरची. आपण कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारी गाडी पाहिली असेल. १ ते ३७ च्या त्या चढावर मागून बँकर, म्हणजे ढकलणारे जादा इंजिन, लागतो, पुढच्या आणि मागच्या इंजिनात स्वतंत्र माणसे असतात आणि त्यांना एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. आपल्या टेबलावर दोन मोटरांची हीच अवस्था आहे, फक्त जुळवून घेणारी माणसे तेवढी नाहीत.

आपण दिलेल्या छायाचित्रात १५० चा मोटर नसलेला डबा मध्ये आला आहे. मागची मोटर थोडी वेगवान निघाली की हा हलका डबा दोन मोटरांमध्ये चेपला जातो, आणि क्रॉसओव्हरच्या उलटसुलट वळणावर त्याला बाजूला उडण्याखेरीज वाट उरत नाही. म्हणून काहीही विकत घेण्याआधी १५० चा संच उलटा फिरवून ठेवा, म्हणजे मोटरीचा डबा १५३ ला लागून येईल आणि हलका डबा टोकाला जाईल. माझ्या गंगापूर रोडवरच्या घरातल्या मांडणीत एवढ्याने निम्मे दुखणे गेले होते.

उरलेले दुखणे लांबीचे आहे. १५० चा डबा सुमारे २० मीटरचा आणि १५३ चा २३ मीटरहून थोडा जास्त. ७६ पटीने लहान केल्यावर हे अंतर अंदाजे २६० आणि ३०५ मिलिमीटर होते. वळणावर डब्याचे टोक बाहेर किती जाते हे काढायचे असेल तर डब्याच्या लांबीच्या वर्गातून दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या संचांच्या) मध्यांमधील अंतराचा वर्ग वजा करा आणि वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा. ४३८ मिलिमीटरच्या वळणावर, म्हणजे बाजारातल्या तयार रुळांच्या दुसऱ्या त्रिज्येवर, दोन टोकांमध्ये ४ ते ५ मिलिमीटरची तफावत येते. एकाच दिशेच्या वळणात कपलिंग ती सोसते. पण एस आकारात एक टोक डावीकडे आणि दुसरे उजवीकडे गेले की वजाबाकीची बेरीज होते आणि तफावत २० मिलिमीटरच्या पुढे जाते. क्रॉसओव्हरच्या दोन सांध्यांमध्ये (गाडीची वाट बदलणाऱ्या रुळांमध्ये) किमान एका डब्याएवढा सरळ रूळ बसवता आला तर उत्तम; जागा नसेल तर १५० आणि १५३ यांच्यामध्ये आखूड ताठ दांड्याऐवजी थोडे लांब, खेळते कपलिंग लावा. दिसायला फट मोठी वाटेल, ती मी तरी पत्करली आहे.

त्याच वेळी चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर तपासा, ते १४.५ मिलिमीटरच्या आसपास हवे. व्हर्निअरने मोजता येते, पण मी सातपूरच्या एका ओळखीच्या टर्नरकडून छोटा पितळी ठोकळा करून घेतला आहे, तो चाकांमध्ये बसतो की नाही एवढेच पाहावे लागते. आपल्याकडे पावसाळ्यात प्लायवूड फुगते. क्रॉसओव्हर दोन फळ्यांच्या जोडावर असेल तर तिथेही उंचसखलपणा आला असण्याची शक्यता आहे.

झटक्यांसाठी वेग जुळवावा लागेल. दोन्ही संच अर्धा अर्धा तास दोन्ही दिशांनी फिरवून गरम करा, सीव्ही ३ आणि ४ तात्पुरते शून्यावर आणा (सीव्ही म्हणजे डिकोडरमधले, गाडीतल्या नियंत्रक चिपमधले, बदलता येणारे आकडे; ३ आणि ४ हे वेग हळूहळू वाढण्या-उतरण्याचे). मग सरळ रुळाशेजारी खडूने २ मीटरवर दोन खुणा करा. प्रत्यक्षातला ताशी ७५ मैल वेग या प्रमाणात २ मीटर अंतर सुमारे साडेचार सेकंदांत कापतो, तेव्हा पूर्ण थ्रॉटलवर दोघांनाही तेवढाच वेळ लागेल असा सीव्ही ५ ठरवा. जो संच मुळात सावकाश आहे त्याला ओढूनताणून पळवू नका, वेगवान असलेल्याला खाली आणा. त्यानंतर पहिल्या पायरीवर दोघे एकदमच हलतील असा सीव्ही २, आणि मधल्या वेगासाठी सीव्ही ६. खरी परीक्षा अशी: दोघांना न जोडता वीतभर अंतरावर ठेवा, एकाच पत्त्यावर (डिकोडर ज्या क्रमांकाच्या आज्ञा पाळतो त्यावर) चालवा आणि पाच फेऱ्यांनंतर ते अंतर मोजा. सर्वांत कमी वेगावर तरीही हिसका जाणवला तर मागच्या संचाचे बॅक-ईएमएफ नियंत्रण, म्हणजे मोटरचा वेग कायम राखणारी डिकोडरची सोय, थोडे सौम्य करा. दोन्ही डिकोडर आपापला वेग हट्टाने राखू लागले की तिथेच ओढाताण होते.

एकत्र पत्ता सीव्ही १९ मध्ये लिहिताना १५३ उलट्या तोंडाने जोडला असेल तर आकड्यात १२८ मिळवावे लागतात. दोन्हीकडे केबिन असलेल्या डब्याचे पुढचे तोंड कोणते हे दर वेळी विसरायला होते. मी मजल्याखाली नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. जोडलेल्या आतल्या तोंडांवर पांढरा किंवा लाल, कोणताच दिवा लागता कामा नये. एकत्र पत्त्याला दिव्यांनी प्रतिसाद द्यायचा की नाही हे सीव्ही २२ मध्ये ठरते, आणि एकेका टोकाचे दिवे बंद करण्याची सोय कोणत्या फंक्शनवर आहे ते आपल्या डिकोडरच्या पुस्तिकेत सापडेल.

१५३ ची मोटर काढून टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी दिला असल्याचे आपण लिहिले आहे. गाडी कायम जोडलेलीच ठेवणार असाल तर तो वाईट नाही, कारण घरगुती सपाट मांडणीवर तीन डब्यांना एक मोटर पुरते. पण स्थानकात गाडी थांबवून १५० पुढे पाठवायचा आणि १५३ एकट्याने शाखामार्गावर न्यायचा, यासाठीच तर हा डबा घ्यायचा असतो. तेवढा खेळ आपल्याला हवा असेल तर मोटर राहू द्या. आधी संच उलटा करून पाहा आणि क्रॉसओव्हरमधल्या सरळ तुकड्याची लांबी मोजून कळवा. ती २०० मिलिमीटरपेक्षा कमी निघाली तर सांधे बदलण्याबद्दल बोलू.