रात्रीचं लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन घरी टोचताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडील ६८ वर्षांचे, टाइप २ मधुमेह, गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी रात्री १० युनिट ग्लार्जिन (हे लाँग-ॲक्टिंग, म्हणजे हळूहळू लांबवर चालणारं इन्सुलिन) पेनने घ्यायला सांगितलं आणि टोचायचं काम तुमच्याकडे आलं. एका रात्री मीटरवर २६० दिसले तेव्हा चार युनिट वाढवावेसे वाटले. दुसऱ्या रात्री ११० होते तेव्हा इंजेक्शनच टाळावंसं वाटलं. यातलं काय बरोबर, आणि एखादा डोस राहून गेला तर काय करायचं?

दोन्ही रात्री १० युनिटच द्यायचे. मी रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना इन्सुलिन घ्यायला शिकवते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांची गल्लत बहुतेक वेळा इथेच होते. समोरचा आकडा बघून त्या वेळचा डोस कमी-जास्त करायचा, हा हिशेब जेवणाआधीच्या जलद इन्सुलिनचा. लाँग-ॲक्टिंगला तो लावायचा नाही.

कारण त्याचं काम वेगळं आहे. आपण काही खाल्लं नाही तरी यकृत रात्रंदिवस थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं. तिला लगाम घालणं हे या इन्सुलिनचं काम. जेवणानंतर चढणारी साखर उतरवणं हे नव्हे. ग्लार्जिनचं द्रावण आम्लधर्मी असतं. कातडीखाली गेलं की त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते जवळजवळ चोवीस तास हळूहळू विरघळत राहतात, ठिबकने पाणी सोडावं तसं. (त्या आम्लामुळेच काही जणांना टोचल्यावर जरा चुरचुरतं, आणि म्हणूनच ते दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनमध्ये मिसळत नाहीत.) डेग्लुडेक हे दुसरं लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन तर याहूनही लांब चालतं, ४२ तासांच्या पुढे.

आता २६० वर जादा चार युनिट दिले असते तर काय झालं असतं बघा. तो आकडा तासाभरात उतरला नसता. ते चार युनिट पहाटे, सकाळी, दुपारपर्यंत आपलं काम करत बसले असते, आणि एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. उलट ११० बघून डोस गाळला असता तर दुसऱ्या दिवशी यकृताला मोकळं रान मिळालं असतं. हां, झोपताना शुगर ७० च्या खाली असेल तर गोष्ट वेगळी. आधी साखर देऊन ती वर आणा आणि त्या रात्रीच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारा. ७० ते १०० च्या मधे असेल तर काय करायचं, हे आजच विचारून ठेवा. रात्री अकराला फोन लावत बसायला नको.

मग डोस बरोबर आहे की नाही हे कळतं कशावरून? सकाळच्या उपाशीपोटीच्या शुगरवरून, आणि तीही एका दिवसाच्या नव्हे, सलग काही दिवसांच्या. सर्वसाधारण लक्ष्य ८० ते १३० मिलिग्रॅम असतं; वय जास्त असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, शुगर पटकन खाली जात असेल तर डॉक्टर ते मुद्दाम सैल ठेवतात. डोस वाढवायची नेहमीची पद्धत अशी की तीन दिवस सकाळची शुगर लक्ष्याच्या वर राहिली तर २ युनिट वाढवायचे, आणि कारण नसताना ७० च्या खाली गेली तर डोस १० ते २० टक्के उतरवायचा. तुमच्या कागदावर असं काही लिहिलंय का ते पाहा. नसेल तर लिहून मागा. लेखी सूचना नसताना मनाने बदल करू नका.

रात्रीचा आकडा अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. तो सकाळच्या आकड्याशेजारी लिहा. रात्री २१० आणि सकाळी ९५, असं वरचेवर होत असेल तर सकाळचा आकडा छान दिसतो, पण झोपेत साखर शंभराहून जास्त उतरते आहे. हा फरक रोजच ५० च्या वर जायला लागला, किंवा डोस वाढत वाढत किलोमागे अर्ध्या युनिटच्या पुढे गेला (७० किलो वजनाला ३५ युनिट), तर बेसल (म्हणजे हेच लाँग-ॲक्टिंग) इन्सुलिन जेवणाचं ओझंही वाहतंय असा संशय घ्यायचा. तिथे आणखी युनिट चढवण्यापेक्षा जेवणाच्या वेळच्या उपचारांकडे बघावं लागतं. ही गोष्ट डॉक्टरांच्या नजरेस तुमची वहीच आणून देईल. आणि सकाळची शुगर चढीच राहत असेल तर डोस वाढवण्याआधी एक-दोन रात्री तीनच्या सुमारास उठून तपासा. तेव्हा ती खाली गेलेली दिसली तर वाढवलेला डोस घातकच ठरेल.

आता टोचण्याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ‘इन्सुलिन लागूच पडत नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी पोट दाखवायला सांगते. बेंबीच्या एका बाजूला, हात सहज पोचतो तिथे, बोटांखाली एक मऊ, रबरासारखा उंचवटा लागतो. वर्षानुवर्षं त्याच जागी सुई गेल्याने तिथे चरबी साठलेली असते. तिथे दुखत नाही, त्यामुळे माणूस आपोआप तीच जागा निवडतो. पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी एकदम. शुगर वर राहते, डोस वाढतो, आणि एक दिवस सुई चांगल्या कातडीत जाते आणि वाढलेला पूर्ण डोस लागू पडतो. म्हणून गाठ सापडलीच तर जागा बदला, पण त्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस कमी करावा लागण्याची शक्यता असते. तुमची तर सुरुवातच आहे. पोट आणि मांड्या यांचे भाग पाडून घ्या, एका भागात आठवडाभर, आणि प्रत्येक वेळी आधीच्या जागेपासून निदान एक बोट अंतर सोडा. बेंबीच्या अगदी जवळ नको. टोचल्यावर चोळायचं नाही, शेकायचंही नाही. उष्णतेने इन्सुलिन लवकर शोषलं जातं.

सुई ४ मिलिमीटरची पुरते, जाड माणसालाही. सरळ, काटकोनात घालायची. प्रत्येक वेळी नवी सुई लावून आधी २ युनिट हवेत सोडून बघा. टोकावर थेंब दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा सोडा. ही पायरी लोक इन्सुलिन वाया जातं म्हणून गाळतात, आणि मग सुई बंद असली किंवा आत हवा असली तर डायल शून्यावर येतो पण शरीरात काही जातच नाही. बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजा, मग सुई काढा. ती पेनला लावून ठेवू नका. काढून जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टाका, कचऱ्यात सुटी नको. पेन दुसऱ्या कोणाला कधीच द्यायचं नाही, सुई बदलूनही नाही, कारण रक्ताचा अंश आत कार्ट्रिजपर्यंत जाऊ शकतो.

पेनमधलं इन्सुलिन सिरिंजने ओढून घेणं हा एक धोकादायक उद्योग आहे. ग्लार्जिन मिलिलिटरला १०० युनिटचं येतं तसंच ३०० युनिटचंही येतं. सिरिंजवरच्या खुणा या फरकाशी जुळत नाहीत. कुपी वापरणाऱ्यांनाही हीच सूचना: यू-१०० चं (मिलिलिटरला १०० युनिटचं) इन्सुलिन यू-४० च्या (मिलिलिटरला ४० युनिटच्या खुणांच्या) सिरिंजमध्ये खुणेप्रमाणे भरलं तर अडीचपट डोस जातो.

पुढे कधी वडिलांना जेवणाआधीचं जलद इन्सुलिनही सुरू झालं तर घरात दोन पेन येतील, आणि दोन्हींतलं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ असेल. रात्री झोपेच्या भरात चुकीचं पेन उचललं जाणं हा बेसल इन्सुलिनच्या बाबतीतला सर्वांत वाईट अपघात. एका पेनला रबरबँड गुंडाळा, दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, आणि डायल फिरवण्याआधी नाव मोठ्याने वाचा. तरीही जलद इन्सुलिन गेलंच, तर माणसाला झोपू द्यायचं नाही. काहीतरी गोड आणि पिष्टमय खायला द्यायचं, लगेच डॉक्टरांना किंवा रुग्णालयाला फोन करायचा आणि ते सांगतील तसं निदान चार-पाच तास शुगर तपासत राहायचं.

साठवण सोपी आहे. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, फ्रीझरजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. वापरातलं ग्लार्जिन-१०० चं पेन ३० अंशांच्या आत, उन्हापासून दूर, २८ दिवस चालतं. उघडल्याची तारीख पेनवर लिहा. गढूळ दिसलं किंवा कण दिसले तर वापरू नका.

शुगर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणं दिसलं, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी तपासा, वर आली नसेल तर पुन्हा द्या. सावरल्यावर थोडं खायला द्या आणि तासाभराने परत बघा, कारण हे इन्सुलिन अजून आत चालूच असतं. एकदा वर आलेली शुगर पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. वडील रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत असतील तर धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल, मूत्रपिंड कमजोर असेल, मद्य घेतलं असेल किंवा जेवण नीट झालं नसेल तर धोका वाढतो. ती गोळी इन्सुलिनबरोबर तशीच चालू ठेवायची का, हे मुद्दाम विचारा.

उलट्या-जुलाब किंवा ताप असेल तर बेसल इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. आजारपणात खाणं कमी होऊनही शुगर वाढू शकते. तपासणी वाढवा आणि डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. टाइप १ असलेल्यांनी तर बेसल कधीच थांबवू नये. कीटोॲसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याची जीवघेणी अवस्था) काही तासांत होऊ शकतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. डोस राहिला आणि एक-दोन तासांत आठवला तर देऊन टाका. थेट सकाळी आठवला तर डॉक्टरांना विचारा. ग्लार्जिन सकाळी दिलं आणि रात्री पुन्हा नेहमीचं दिलं तर दोन डोसांचा परिणाम एकावर एक चढतो. दुप्पट डोस कधीच नाही. टाइप २ मध्ये एक रात्र हुकल्याने सहसा शुगर दिवसभर चढी राहते, एवढंच. (डेग्लुडेक असतं तर आठवल्यावर देता आलं असतं, फक्त पुढच्या डोसपर्यंत किमान आठ तास उरायला हवेत.) आणि दिलं की नाही हेच आठवत नसेल, तर त्या रात्री देऊ नका, सकाळची शुगर बघा आणि डॉक्टरांना कळवा. सुई डब्यात टाकल्या टाकल्या कॅलेंडरवर वेळ, युनिट आणि कुठल्या बाजूला टोचलं ते लिहिलं तर हा प्रश्न पडत नाही.