क्रेडिट कार्डाचं बिल वेळेवर भरलं तरी क्रेडिट स्कोर का पडला

तुझा मेसेज वाचला. एकही बिल चुकवलं नाही, मिनिमम ड्यू म्हणजे किमान रक्कमच भरायच्या नादाला कधी लागला नाहीस, तरी क्रेडिट स्कोर, म्हणजे लोन देताना बँका बघतात तो आकडा, खाली आला म्हणून रात्रभर डोकं धरून बसलास. आधी शांत हो, तुझं काही बिघडलेलं नाहीये, फक्त एक तारीख तुला कोणी सांगितली नव्हती.

तुझं कार्डाचं लिमिट एक लाख. लॅपटॉप घेतलास ७२ हजारांचा. बिल बनतं १८ तारखेला, भरायची शेवटची तारीख ५, आणि तू ३ तारखेला पूर्ण पैसे भरून मोकळा झालास. बरोबरच केलंस, व्याज शून्य. पण बँक ब्युरोला, म्हणजे स्कोर काढणाऱ्या कंपनीला, जो आकडा कळवते तो तू भरायच्या आधीचा, अनेकदा बिल बनलं त्या दिवसाचा असू शकतो, आणि त्या दिवशी तुझ्या कार्डावर ७२ हजार उभे होते. म्हणजे ७२ टक्के युटिलायझेशन, लिमिटचा वापरलेला वाटा. तू नंतर भरलेस हे त्या फोटोत येतच नाही, बघणाऱ्याला वाटतं हा पोरगा लिमिटच्या गळ्यापर्यंत आलाय.

म्हणून मोठा खर्च झाला असेल त्या महिन्यात बिल बनायच्या तीन-चार दिवस आधीच बरेचसे पैसे टाकून दे, कारण पेमेंट जमा दिसायला कधीकधी वेळ लागतो. ६५ हजार आधी भरलेस तर बिलावर सातच हजार येतील, ते नेहमीसारखे ड्यू डेटच्या आत भर. खर्च तोच, पैसे तेवढेच, पण दिसताना ७ टक्के दिसणार.

युटिलायझेशन ३० टक्क्यांच्या आत ठेव असं जे सगळे सांगतात ना, ती काही भिंत नाही की २९ ला पास आणि ३१ ला नापास. जितकं कमी तितकं चांगलं, आणि ज्यांचे स्कोर खरंच वर असतात ते बहुतेक दहाच्या खालीच असतात. आणि कोणी म्हणालं की थोडी बाकी ठेव, व्याज भर, त्याने स्कोर वाढतो, तर अजिबात ऐकू नकोस, त्यातून फक्त बँकेला व्याज मिळतं. बिलावर रक्कम दिसणं वेगळं आणि बाकी पुढे ओढणं वेगळं, यात लोक फार गोंधळतात.

माझी चूक सांगतो, तू करू नयेस म्हणून. माझ्याकडे दोन कार्डं होती, एकाचं लिमिट दीड लाख, दुसऱ्याचं पन्नास हजार, आणि लहान कार्डावर चाळीस हजार बाकी. एकूण धरलं तर २० टक्के. मोठं कार्ड वापरात नाही, उगाच कशाला ठेवायचं म्हणून मी ते बंद करून टाकलं, तेही लोनचा अर्ज करायच्या जेमतेम महिनाभर आधी. एका झटक्यात एकूण युटिलायझेशन ८० टक्क्यांवर गेलं, एक पैसाही जास्त खर्च न करता. शिवाय प्रत्येक कार्डाचं वेगळंही बघतात, तिथे ते लहान कार्ड आधीच ८० वर होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा मी खूप घाबरलो होतो रे, तुझा मेसेज वाचून तेच आठवलं.

पण हे लवकर भरून निघतं. फायको या अमेरिकेत खूप वापरल्या जाणाऱ्या स्कोरमध्ये वेळेवर पेमेंटला साधारण ३५ टक्के वजन आहे आणि डोक्यावर असलेल्या देण्याला ३० टक्के, युटिलायझेशन त्या तिसातलाच मोठा भाग. चुकलेला हप्ता वर्षानुवर्षं रेकॉर्डवर राहतो, युटिलायझेशनचं तसं नाही, स्कोर काढायच्या जुन्या पद्धतींमध्ये (मॉडेल्समध्ये) तर पुढच्या बिलाला कमी आकडा गेला की मागचा मोजतच नाहीत. फायको १० टी किंवा व्हँटेजस्कोर ४.० सारखी नवी मॉडेल्स मात्र मागच्या दोन वर्षांचा कल बघतात, म्हणून दर महिन्याला लिमिटच्या जवळ जाऊ नकोस.

लोन घ्यायचं नसेल त्या महिन्यात जरा वर गेलं तरी जीव टांगणीला लावू नकोस. घ्यायचं असेल तर दोन महिने आधीपासून सांभाळ. बँक लिमिट वाढवून देत असेल आणि खर्च वाढणार नाही याची तुला स्वतःबद्दल खात्री असेल तर घे, नसेल तर राहू दे.

आता एक कर, मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट्स उघड, बिल बनलेली तारीख आणि त्या दिवशीची रक्कम लिहून मला पाठव, उद्या संध्याकाळी फोनवर बसून बघू.