दादरच्या चाळीतील एका खोलीत, फ्लॅशशिवाय पोर्ट्रेटसाठी प्रकाश कसा साधावा?

व्यक्तीला खिडकीपासून तीन-चार फुटांवर, चेहरा खिडकीकडे साधारण 45 अंशांत वळवून बसवावे आणि खोलीतील सर्व दिवे बंद करावेत. प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ होतात, म्हणून भिंतीवरच्या बल्बपेक्षा खिडकी केव्हाही सरस ठरते. दिवे बंद करण्याचे कारण रंगाचे आहे: दिवसाचा प्रकाश सुमारे 5500 केल्विन (प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळट) आणि पिवळा बल्ब सुमारे 2700 केल्विन असल्याने, दोन्ही एकत्र आल्यास अर्धा चेहरा निळसर किंवा अर्धा पिवळट दिसतो. नाकाची सावली पलीकडच्या गालावरील सावलीला मिळून डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरला, की कोन जमला असे समजावे. सावलीची बाजू फार काळवंडत असेल तर तिकडे थर्माकोलचा पांढरा तक्ता धरावा, आणि दोन्ही डोळ्यांत खिडकीचे प्रतिबिंब चमकते आहे ना, हे आवर्जून पाहावे. मात्र उत्तरेकडील खिडकीत ऊन येत नाही हा नियम मुंबईत मे-जूनमध्ये लागू पडत नाही, कारण तेव्हा सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो व मावळतो; सकाळ-संध्याकाळच्या त्या तिरप्या उन्हासाठी खिडकीला पातळ पांढरा पडदा लावावाच.