गड उतरल्यावरचा मसाज आणि मांडीवरचे डाग

प्रश्न : माझे वय 54 आहे. गेल्या महिन्यापासून दर रविवारी पहाटे मी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतो आणि उतरतो. सोमवारी, मंगळवारी मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. म्हणून गेल्या सोमवारी डीप टिश्यू मसाज (स्नायूंच्या खोल थरांपर्यंत जोराचा दाब देणारे मालिश) घेतला. मालिश करणाऱ्याने कोपराने मांड्या रगडल्या. कळ सहन होईना, तेव्हा ‘साठलेले आम्ल दुखल्याशिवाय निघत नाही’ असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मांडीवर तळहाताएवढे काळेनिळे डाग उठले. हा मसाज दर आठवड्याला घ्यावा का? दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवला असून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी लिहिले आहे, मालिश करणाऱ्याला तर ते बहुधा सांगितलेच नसावे. या गोळीमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे दाबाने फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त अधिक वेळ झिरपते आणि इतरांची कातडी जेथे नुसती लाल होते तेथे आपल्याला डाग पडतो. कोपराचा खोल दाब आपण घेऊ नये. मात्र मसाजसाठी म्हणून गोळी एक दिवसही परस्पर बंद करू नका. स्टेंटमध्ये, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीत, रक्ताची गुठळी होण्याचा धोका मांडीच्या दुखण्याहून फार मोठा आहे.

आम्लाची गोष्ट ही जुनी समजूत आहे. व्यायामात स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात आपोआप निवळते. सोमवारी रगडून काढायला ते उरलेलेच नसते. आपले दुखणे बहुतांशी चढण्याचे नसून उतरण्याचे आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचे वजन पेलतो, त्यात तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिची कळ 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वाधिक जाणवून काही दिवसांत ओसरते. मालिशने ही वेदना थोडी हलकी होते, एवढेच. काही आठवडे नेमाने उतरल्यावर स्नायू सरावतात. तोवर उतरताना काठी वापरावी आणि पावले लहान टाकावीत.

डाग पूर्ण गेल्यावर, हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, हलक्या हाताचे मालिश घेण्यास हरकत नसावी. दाब सुरू असताना आपल्याला सहज बोलता आले पाहिजे. श्वास रोखला जात असेल किंवा पायाची बोटे आवळली जात असतील, तर लगेच थांबवायला सांगावे, तेथे भीड धरू नये. गुडघ्यामागची खळगी आणि जांघ येथे जोर लावू देऊ नये, कारण तेथे मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा वरच्या थराजवळून जातात.

एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागली, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर कोणतेही मालिश न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आताचे डाग पसरत असतील किंवा मांडी टणक होऊन ताणल्यासारखी वाटत असेल, तरीही रविवारची वाट पाहू नका.