स्टोव्हचा ब्लोअर घरघरतोय? आधी राख काढा

अहो, लाकूड जाळायच्या स्टोव्हचा ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, घरघरला म्हणून लगेच नवीन मागवू नका, बऱ्याचदा मोटर चांगली असते आणि सगळा घोळ राखेचा असतो. स्टोव्ह पूर्ण गार झाला की प्लग काढा, ब्लोअर बाहेर घ्या आणि पात्यांमधली राख-धूळ-केस जुन्या टूथब्रशने साफ करा, प्रत्येक पातं बरं का, कारण एका बाजूला थर राहिला तरी बॅलन्स जातो आणि घरघर तशीच राहते. पाण्याने धुवू नका प्लीज.

मग हाताने फिरवून बघा.

- खडखड येत असेल तर स्क्रू आवळा, पत्राही थरथरत असतो.
- चिरका आवाज म्हणजे बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) कोरडे. तेलाचं भोक असेल तर इलेक्ट्रिक मोटरच्या तेलाचे दोन थेंब, डब्ल्यूडी-४० स्प्रे नको, ते टिकत नाही. सीलबंद बेअरिंगला तेल घालायचंच नाही.
- फक्त कमी स्पीडला गुणगुण असेल तर रेग्युलेटरवर संशय घ्या.

स्टोव्ह अमेरिकेतून आणलेला असेल तर मोटरवरची पाटी नक्की वाचा, तिकडची वीज १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०, नुसता ट्रान्सफॉर्मर लावून हर्ट्झ बदलत नाही, मोटर गुणगुणते आणि तापतेही. बदलायचीच वेळ आली तर जुना ब्लोअर पिशवीत घालून पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, घेऊन जा, फोटोवरून माप जुळत नाही. साफसफाई या रविवारीच उरका, जमेल तुम्हाला.