सातपूरच्या शेडमधली केबिन क्रूझर: स्टार्टर मारण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं कळलं: मामांनी मुंबईहून आणलेली बावीस फुटी फायबरची केबिन क्रूझर, म्हणजे छोटी खोली असलेली मोटरबोट, पेट्रोल इंजिन आत आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) पाय मागे बाहेर, नाशिकमधल्या सातपूरच्या शेडमध्ये कितीतरी पावसाळे ताडपत्रीखाली उभी. आता गॅरेजवाला म्हणतो, नवी बॅटरी लावू आणि स्टार्टर मारून बघू. त्याला आधी थांबवा.

इंजिन बिघडलं तर उतरवून दुरुस्त होतं, दुसरंही मिळतं. पैसा खातं ते लाकूड. फायबरच्या बोटीत लाकूड असतं हेच पुष्कळांच्या गावी नसतं. बोटीच्या आतल्या फरशीखाली लांबीभर गेलेले दांडे आणि मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, यांच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. वरून फायबर चकचकीत, आत भुसा. म्हणून पहिलं काम फुकटचं: मागच्या भिंतीत तळाशी असलेला ड्रेन प्लग इतकी वर्षं उघडा होता की बंद, ते बघा. उघडा असेल आणि बोटीचं नाक थोडं वर असेल तर निम्मी चिंता मिटली. बंद असेल आणि ताडपत्री फाटकी, तर पावसाचं पाणी तळाशी साचून दांड्यांत मुरलंय असंच धरून चाला.

मग प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्सम हळूहळू ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा. खुणेवर आतल्या बाजूने, खालच्या अंगाला पाच मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा कोरडा, फिकट निघाला तर भोक इपॉक्सीने बुजवा आणि पुढे चला. काळा, ओला, कुबट वासाचा निघाला तर खर्चाचा आकडा बदलतो, आणि बोट ठेवायची की नाही हे तेव्हाच ठरवा, इंजिनवर पैसे ओतल्यावर नाही. लाकूड बदलायचं ठरलं तर प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का बघून घ्या. दुकानदार आयएस ३०३ चा साधा प्लाय 'वॉटरप्रूफ' म्हणून गळ्यात मारतात. अंबड-सातपूरला फायबरचं काम करणारे आहेत, पण ते सहसा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. जुन्या फायबरवर नवा थर बसवायला इपॉक्सीच मागा, पकड चांगली येते.

आता इंजिन. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका. पिस्टनच्या गंजलेल्या रिंगांवर स्टार्टरचा दणका बसला की रिंगा तुटतात. बोट खाऱ्या पाण्यात चाललेली असल्याने एग्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा ओतीव भाग) खोलून बघणं आलंच. तो आतून गंजून फुटला की पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारी चक्री) आणि मागच्या पायाचे रबरी बेलोज (घड्यांचे पाणीरोधक नळे) दिसायला कितीही बरे असोत, बदला. बेलोज चिरला की बोट जागच्या जागी पाणी घेते. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळत असल्याने जुने रबरी पाइपही बदला.

गॅरेजवाला अल्टरनेटर किंवा स्टार्टर गाडीचा लावू म्हणेल, बसेलही. लावू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि गाडीच्या उघड्या अल्टरनेटरची एक ठिणगी पुरते. मरीनचे भाग ठिणगी बाहेर पडू नये असे बंदिस्त असतात, म्हणूनच महाग. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे तळातली वाफ बाहेर ओढणारा पंखा, निदान चार मिनिटं चालवायचा, दरवेळी.

गंगापूर धरणात उतरवायची म्हणता, तर मागच्या पायावरचे जस्ताचे अ‍ॅनोड (स्वतः झिजून पायाचा धातू वाचवणारे तुकडे) काढून मॅग्नेशियमचे लावा. गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि ते काम करेनासं होतं, मग अ‍ॅल्युमिनियमचा पाय झिजतो. उलट मॅग्नेशियम घेऊन अलिबागला गेलात तर ते भराभर संपेल. आणखी एक: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर. पातळ हवेमुळे इंजिनची पाच-सहा टक्के ताकद जाते. मामांचा मुंबईचा पंखा जड वाटला, पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कमी पडले, तर कार्ब्युरेटर छळू नका, कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, पंखा लावा.

परवानगीचं मात्र आधीच बघा. जलाशय जलसंपदा खात्याचा, आणि बोटीची नोंदणी व तपासणी इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ खाली येते. मामांच्या नावाची जुनी कागदपत्रं शोधून ठेवा. शहर याच धरणाचं पाणी पितं, त्यामुळे तळाशी साचलेलं तेलकट पाणी पंपाने बाहेर टाकणं बंद. डब्यात काढून किनाऱ्यावर आणायचं. नांदूरमधमेश्वरचा विचारही नको, ते पक्षी अभयारण्य आहे.

ट्रान्समचे खडूच्या खुणांसकट फोटो आणि भोकातून निघालेल्या भुशाचा फोटो टाका. इंजिनच्या पाटीवरचा नंबरही द्या, म्हणजे बेलोज आणि इम्पेलर कोणते लागतील ते सांगता येईल.